गुलाबाचे कूळ

म्हैसूर जिल्ह्यात कावेरीच्या काठी कृष्णराजनगर नावाचे एक गाव आहे. चौथे कृष्णराज वडियार यांचे नाव धारण करणारे हे नगर तसे अर्वाचीन. त्याला लागून असलेले जुने गाव येडतोरे. कावेरी येथे डावीकडे वळण घेते, म्हणून कानडीत गावाला हे नाव पडले. येडतोऱ्याच्या नदीकाठी अर्केश्वराचे देऊळ आहे. अर्क म्हणजे सूर्य. सूर्याच्या नावाने पूजिला जाणारा हा शिव. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या, भाताच्या खाचरांनी वेढलेल्या या प्रदेशात माणसांचे आणि झाडांचे सारे व्यवहार सूर्याशी जोडलेले आहेत. पांढरे फूल म्हटले की येथे मनात येते ती म्हैसूरची मल्लिगे. गुलाब येथे लावतात, पण त्याचा खरा बहर हिवाळ्यातला. उन्हाळा आला की माळ्याची धडपड एकच असते: दुपारच्या उन्हापासून रोप वाचवावे, त्याला थोडी सावली द्यावी, मुळांना गारवा द्यावा.

याच गावाहून दक्षिणेस निघालेला प्रवासी म्हैसूर, नंजनगूड, गुंडलुपेट आणि बंदीपूरचे अरण्य ओलांडून निलगिरीचा घाट चढू लागला, की एका दिवसात हा प्रश्न उलटा होतो. उटकमंड सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री तेथील खोलगट जागांत दहिवर गोठते आणि सकाळी गवतावर पांढरा थर दिसतो. म्हैसूरच्या राजघराण्याचा उन्हाळी निवास असलेला फर्नहिल राजवाडा याच गावात आहे. मैदानातील हवेत वाढलेल्या माळ्याला या डोंगरावर बाग करायची झाली, तर त्याची जुनी विद्या अर्धीच उपयोगी पडते. येथे ऊन कमी, धुके फार; उंच झाडांची सावली लांबवर पडलेली, आणि रात्री कडाका. अशा अर्धछायेच्या, थंड बागेत फुलावा असा पांढरा गुलाब कोणता? पांढराच कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर डोळ्यांना ठाऊक आहे. गडद लाल फूल सावलीत काळवंडते, विझून जाते. पांढरे फूल मात्र सावलीतच उजळते आणि तिन्हीसांजेला सर्वांत शेवटी दिसेनासे होते.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. गुलाबाच्या बाबतीत मात्र ही म्हण पाळणारा माणूस हमखास फसतो. रोपवाटिकेत हारीने मांडलेली पांढऱ्या गुलाबाची दहा रोपे दिसायला सारखी असली, तरी त्यांतील एकाचे पूर्वज बर्फातले, दुसऱ्याचे दलदलीतले, तर तिसऱ्याचे चीनच्या उबदार बागांतले असतात. फुलाचा रंग हा त्या रोपाचा वेष होय. थंडी सोसण्याची आणि सावलीत फुलण्याची शक्ती त्याला मिळते ती कुळातून. म्हणून निवडीचा हा प्रश्न आधी इतिहासाचा प्रश्न आहे.

प्रारंभ नावापासूनच करावा लागतो, कारण पहिला घोटाळा तेथे आहे. 'गुलाब' हा शब्द फारसी. 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. मुळात तो गुलाबपाण्याचा वाचक. मराठीने आणि हिंदीने पाण्याचे नाव फुलाला दिले. त्याआधी या देशात गुलाबाची जात नव्हतीच असे मात्र नव्हे. 'भावप्रकाशा'सारख्या निघंटूंच्या पुष्पवर्गात शतपत्री, तरुणी आणि कुब्जक ही नावे येतात. यांतील कुब्जक म्हणजे हिमालयाच्या उतारांवर झाडांवरून चढणारा, घोसांनी फुलणारा, कस्तुरीसारख्या वासाचा पांढरा रानगुलाब, असे सामान्यतः मानले जाते. हिंदी भागात त्याला कूजा म्हणतात. आणि मराठीत पांढऱ्या गुलाबाला एक सुंदर स्वतंत्र नाव होते: शेवती. १८५७ साली सुधारून निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशात शेवती म्हणजे भारतीय पांढरा गुलाब असा अर्थ दिलेला आहे. आज हा शब्द बहुतेक विसरला गेला असून तो ऐकणाऱ्याला शेवंतीच आठवते. वस्तुतः शेवंती वेगळी आणि शेवती वेगळी.

औषधी वनस्पतींच्या कोशांतून शेवतीची ओळख बहुधा 'रोझा आल्बा' या शास्त्रीय नावाने करून दिलेली आढळते. 'आल्बा' म्हणजे पांढरी. परंतु बागांत पाहू गेले, तर शेवती म्हणून जे झाड दाखविले जाई ते सर्वत्र एकच नव्हते. कोठे ते आल्बाच्या जवळचे असे, कोठे कूजाच्या, कोठे आणखी कशाच्या. पांढरे आणि सुवासिक एवढे पुरे होते. ज्या काळी रोप शेजारच्या बागेतून फांदी आणून लावले जाई, त्या काळी या ढिलाईने काही बिघडत नसे. शेजाऱ्याच्या हवेत जगलेले झाड आपल्याही हवेत जगे. रोपे समुद्र ओलांडून येऊ लागली तेव्हा मात्र नावाचा नेमकेपणा हा झाडाच्या जीवनमरणाचा प्रश्न झाला.

खरी आल्बा ही युरोपच्या थंडीची कन्या. लिनियसने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव दिले, पण त्यापूर्वी कित्येक शतके ती मठांच्या, किल्ल्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या कुंपणांवर फुलत होती. इंग्लंडमध्ये १४५५ ते १४८५ या काळात चाललेल्या यादवीला पुढे 'गुलाबांची युद्धे' असे नाव मिळाले. त्यांतील यॉर्क घराण्याचे चिन्ह पांढरा गुलाब होते, आणि ते आल्बाचेच चित्र समजले जाते. युरोपातील रानात वाढणारा काटेरी श्वानगुलाब आणि बागेतला जुना गॅलिका किंवा दमास्क गुलाब यांच्या संकरातून ती जन्मली असावी, असा संशोधकांचा कौल आहे. रानाच्या कडेला, झाडोऱ्याच्या सावलीत तग धरण्याचा गुण तिने पहिल्याकडून घेतला, सुगंध आणि पाकळ्यांची समृद्धी दुसऱ्याकडून. तिची पाने किंचित निळसर राखी झाक असलेली. त्यांना रोग सहसा होत नाही. उणे २५ अंश सेल्सिअसची थंडी ती सहज सोसते. दिवसाला चार तास ऊन मिळाले तरी फुलते. बल्गेरियातील कझानलिकच्या खोऱ्यात अत्तराचे दमास्क गुलाब पिकवितात, तेथे शेताच्या कडेला कुंपण म्हणून आल्बा लावण्याची जुनी रीत आहे. शेतातील नाजूक पिकाला ती वाऱ्यापासून आडोसा देते. तिचा दोष म्हणाल तर एकच: ती वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या आरंभी फुलते.

या एका दोषापायीच तिचे दिवस पालटले. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी चीनच्या बागांतील गुलाब युरोपात पोहोचले. पूर्वेकडचा व्यापार कलकत्त्याच्या वाटेने चाले; त्यामुळे फ्रान्समध्ये या चिनी गुलाबांना 'बंगालचे गुलाब' हेच नाव पडले. नावाचा घोटाळा तेथेही सुटला नाही! या पाहुण्यांनी एक अपूर्व गुण आणला. ते ऋतूमागून ऋतू फुलत. युरोपचे माळी या गुणावर लुब्ध झाले आणि पुढील शंभर वर्षांत जवळजवळ प्रत्येक नव्या गुलाबात चिनी रक्त मिसळले गेले. १८६७ साली फ्रान्समध्ये 'ला फ्रान्स' हा गुलाब निघाला आणि ज्याला आज संकरित टी गुलाब म्हणतात त्या वर्गाची सुरुवात त्याच्यापासून मानली जाऊ लागली. उंच देठ, टोकदार कळी, बारमाही बहर! परंतु या देण्याबरोबर एक घेणेही होते. चिनी गुलाब उबदार प्रदेशाचे. त्यांच्या संततीत फुलण्याची हौस आली, तशीच थंडीपुढे मान टाकण्याची सवयही आली. ऊन भरपूर असेल तर ही संतती वैभवाने नांदते. सावलीत तिच्या फांद्या लांबतात, पाने विरळ होतात आणि भुरी व काळे ठिपके हे दोन्ही रोग तिला गाठतात.

चिनी लाट सर्वत्र पसरण्यापूर्वी जुन्या घराण्यांनी दोन अखेरची रत्ने दिली. पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यानाचे अधीक्षक हार्डी यांनी १८३२ साली दमास्क कुळातील एक पांढरा गुलाब आपल्या पत्नीच्या नावाने प्रसिद्ध केला. 'माडाम हार्डी'च्या पाकळ्या इतक्या नीटस रचलेल्या असतात की मध्यभागी हिरवा डोळा तेवढा उघडा राहतो. त्यानंतर तीन वर्षांनी आलेली 'माडाम प्लांतिये' ही आल्बाच्या घरात जन्मलेली, काटे फार थोडे असलेली आणि आधार मिळाल्यास झाडावर चढणारी. जवळपास दोन शतके लोटली तरी थंड देशांतील माळी अर्धछायेसाठी या दोघींची नावे आजही घेतात. त्याच सुमाराचा, ऑर्लेआंच्या ड्यूकचे माळी जाक यांनी काढलेला 'फेलिसिते ए पेर्पेत्यु' हा वेलगुलाब सावली त्यांच्याइतकीच सोसतो; पण त्याचे कूळ भूमध्य समुद्राकाठचे, म्हणून कडाक्याची थंडी त्याला मानवत नाही. सावली सोसणे आणि थंडी सोसणे हे दोन वेगळे गुण आहेत, हे ध्यानात ठेवण्यास हे उदाहरण पुरे आहे.

पुढचा अध्याय मुख्यतः जर्मनीत लिहिला गेला, आणि त्यात ट्रियर गावच्या पीटर लँबर्ट या रोपकाराचे नाव तीनदा येते. १९०१ साली त्याने 'फ्राउ कार्ल ड्रुश्की' हा शुभ्र गुलाब काढला. तो इतका गाजला की निरनिराळ्या देशांत त्याला 'हिमराणी' या अर्थाची नावे मिळाली. या फुलाला वास नाही. आणि त्याची भरगच्च कळी ओलसर सावलीत कधी कधी न उमलताच तपकिरी होऊन सडते. १९०४ साली त्याने 'ट्रियर' नावाचा लहान फुलांचा, घोसांनी फुलणारा गुलाब काढला. तो बाजारात हिमराणीइतका मिरवला नाही. पण पुढच्या पिढ्यांचा तो पूर्वज झाला. १९१२ साली त्याने जपानी रुगोझा गुलाबापासून 'श्नेत्स्वेर्ग', म्हणजे 'हिमबटू', हा बुटका पांढरा गुलाब मिळविला. एकाच माणसाच्या हातून आलेल्या या तीन गुलाबांपैकी जगाने सर्वांत अधिक कौतुक पहिल्याचे केले. अर्धछायेच्या आणि थंडीच्या बागांवर मात्र उपकार केले ते मागच्या दोघांनी.

इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात जोसेफ पेंबर्टन नावाचे एक धर्मोपदेशक गुलाबांचा व्यासंग करीत. त्यांनी 'ट्रियर'ला हाताशी धरून एक नवी शाखा तयार केली. तिच्यात दूरच्या नात्याने कस्तुरी गुलाबाचा अंश असल्यामुळे तिला कस्तुरी संकर म्हणू लागले. १९१३ सालचा 'मूनलाइट' आणि १९१९ सालचा 'प्रॉस्पेरिटी' हे तिच्यातील पांढरे. दोन्हींची फुले लहान, घोसांत येणारी, वास हवेत दूरवर पसरणारा. आणि बाकीचे बारमाही गुलाब जेथे रुसतात अशा अर्ध्या सावलीतही ते फुलतात. याच शाखेत गणल्या जाणाऱ्या 'रॉबिन हूड' या लाल गुलाबाचा 'व्हर्गो' या पांढऱ्या गुलाबाशी संकर करून जर्मनीतील कोर्डेस घराण्याने १९५८ साली जो गुलाब काढला, तो 'आइसबर्ग'. जर्मन भाषेत त्याचे नाव 'श्नीविट्शेन', म्हणजे परीकथेतील हिमगौरी. लाल कुळातून पांढरे मूल जन्मले आणि ते साऱ्या जगात पोहोचले. १९८३ साली जागतिक गुलाब महासंघाने त्याला आपल्या मानाच्या यादीत घेतले. भारतातील रोपवाटिकांतही तो सहज मिळतो. पुष्कळांना वाटते की तो लोकप्रिय झाला तो शुभ्रतेमुळे. शुभ्र गुलाब त्यापूर्वीही थोडे नव्हते. कमी उन्हातही पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण त्यांच्यापाशी नव्हता, तो याच्यापाशी होता.

रुगोझाची कथा याहून कणखर आहे. जपान, कोरिया आणि सैबेरियाच्या समुद्रकाठच्या वाळूत खारे वारे अंगावर घेत वाढणारी ही जात. तिची पाने सुरकुतलेली, काटे दाट आणि फळे टोमॅटोसारखी लाल. फ्रान्समधील कोशे-कोशे यांनी १८९२ साली तिच्यापासून 'ब्लां दुब्ल द कुबेर' हा दुहेरी पांढरा गुलाब काढला. यातील कुबेर म्हणजे आपला धनपती नव्हे, पॅरिसजवळचे एक खेडे. तरी सुगंधाच्या बाबतीत हे झाड कुबेराहून कमी नाही. पुढे कॅनडाच्या सरकारी कृषिसंशोधन खात्याने ओटावा येथे १९६१ पासून बर्फाळ प्रदेशासाठी गुलाब पैदा करण्याचे काम हाती घेतले. फेलिसितास स्वेयदा या शास्त्रज्ञ बाईंनी ते चालविले. रोपांना वर काहीही न झाकता ओटावाच्या हिवाळ्यात उघडे ठेवावयाचे, आणि जे जगतील तेच पुढे न्यावयाचे, अशी ही परीक्षा होती. तिच्यातून उतरलेल्या गुलाबांना उत्तर अमेरिकेचा शोध घेणाऱ्या दर्यावर्दींची नावे देण्यात आली. १९७६ सालचा 'हेन्री हडसन' हा त्यांतील पांढरा. कळीवर गुलाबी छटा, उमललेले फूल शुभ्र. त्याची आई म्हणजे लँबर्टचा तोच 'हिमबटू'. ज्या देशात पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो, तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना अंगणात गुलाब हवा असेल, तर पुण्याच्या बागेतील ओळखीचा गुलाब शोधीत बसण्यापेक्षा हे कूळ शोधणे श्रेयस्कर होय.

पण थंडी आणि सावली सोसणारे पांढरे गुलाब शोधण्यासाठी युरोपलाच गेले पाहिजे असे नाही. हिमालयात सुमारे ४,००० मीटरपर्यंत आढळणारा 'रोझा सेरिसिया' हा एकेरी पांढरा रानगुलाब आहे. गुलाबाला पाच पाकळ्या असा सृष्टीचा नियम, पण याला बहुधा चारच असतात. त्याच्या खालच्या उतारांवर कूजा, म्हणजे 'रोझा ब्रुनोनी', देवदार आणि ओकच्या अंगावर चढलेला दिसतो. आणि सर्वांत अचंबा वाटावा असा आहे तो दक्षिणेचा. निलगिरी आणि पळणी डोंगरांच्या खोंगळ्यांत शोला नावाची बुटकी, दाट, सदाहरित वने आहेत. त्या वनांच्या कडेला, अर्ध्या सावलीत, एक जोमदार वेलगुलाब चढतो आणि सुवासिक एकेरी पांढऱ्या फुलांनी भरून जातो. १८१६ मध्ये पाँडिचेरीस आलेल्या लेशनो या फ्रेंच वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ वाइट आणि आर्नट या दोघांनी १८३४ मध्ये त्याला 'रोझा लेशनोल्टियाना' हे नाव दिले. कृष्णराजनगरहून निघालेल्या माळ्याने घाट चढून जो प्रश्न विचारला, त्याचे एक उत्तर त्या डोंगराने माणूस तेथे बाग करू लागण्यापूर्वीच देऊन ठेवले होते.

बागा करणारे आले ते आपापल्या देशांतील फुलांच्या आठवणी घेऊन आले. उटकमंडचे वनस्पती उद्यान १८४८ पासून क्यू उद्यानात शिकलेल्या मॅकआयव्हर यांनी उभारले. म्हैसूर संस्थानात ही परंपरा आणली ती क्रुंबीगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाने, आणि त्याचा महाराष्ट्रीयांशीही संबंध आहे. ड्रेस्डेनजवळ १८६५ मध्ये जन्मलेले गुस्टाव्ह हेर्मान क्रुंबीगल क्यू येथे काम करून १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत बडोद्यास आले. तेथे पंधरा वर्षे काढल्यावर १९०८ मध्ये ते म्हैसूर सरकारच्या सेवेत बंगळूरच्या लालबागेत रुजू झाले आणि १९५६ मध्ये त्याच शहरी त्यांचा देह पडला. परदेशी उद्यानांशी बियांची आणि रोपांची देवघेव त्यांनी मोठ्या प्रमाणावर केली. तथापि आणलेले प्रत्येक झाड येथे रुजेलच असे नसते, ही गोष्ट त्या पिढीच्या उद्यानतज्ज्ञांना अनुभवाने कळलेली होती. बडोद्याचा उन्हाळा, बंगळूरची समशीतोष्ण हवा आणि निलगिरीचा कडाका या तीन ठिकाणी एकच यादी चालत नाही.

स्वातंत्र्यानंतर भारतीय गुलाबांची स्वतंत्र निर्मिती सुरू झाली. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेशी निगडित असलेले डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे गव्हाचे शास्त्रज्ञ; पण त्यांनी गुलाबांवर तितकेच प्रेम केले आणि १९६६ मध्ये भारतातील गुलाबांवर ग्रंथही लिहिला. त्या काळात निघालेले 'हिमांगिनी' आणि 'डॉ. होमी भाभा' हे दोन पांढरे भारतीय गुलाब. नाव 'हिमांगिनी' असले तरी ती उत्तर हिंदुस्थानच्या मैदानातील बागेची लेक आहे. नावातल्या हिमावर भरवसा ठेवून तिला बर्फात लावू नये. पुढे प्रशासकीय सेवेतून बाहेर पडून कोडाईकनाल येथे राहिलेल्या एम. एस. वीरराघवन यांनी प्रश्नाची दुसरी बाजू हाती घेतली. युरोपच्या गुलाबांत थंडीचे कूळ आहे, तर उष्ण प्रदेशासाठी उष्ण प्रदेशाचेच कूळ हवे, असा त्यांचा विचार. म्हणून त्यांनी बंगालच्या पाणथळ जागांत वाढणारा पांढरा 'रोझा क्लिनोफिला' आणि मणिपूरच्या डोंगरांतील मोठ्या, फिक्या फुलांचा 'रोझा जायगँटिया' यांच्यापासून नवे संकर केले. ओटावाची परीक्षा आणि कोडाईकनालचा प्रयोग परस्परांच्या उलट दिशेने चालले. दोन्हींमागील तत्त्व एकच होते.

या साऱ्या इतिहासाचे व्यवहारात रूपांतर करताना प्रथम थंडीची प्रत ओळखावी लागते. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या परिसरात एखाद्या हिवाळ्यात दव गोठते. पण ती थंडी घटकेची पाहुणी. तेथील खरा शत्रू म्हणजे पावसाळ्याची दीर्घ ओल. अशा ठिकाणी भरगच्च पाकळ्यांचा गुलाब टाळून एकेरी किंवा विरळ पाकळ्यांचा, घोसाने फुलणारा गुलाब घ्यावा. 'आइसबर्ग' किंवा 'प्रॉस्पेरिटी' येथे शोभतात. निलगिरीची थंडी दुसऱ्या प्रतीची. दहिवर गोठते, पण जमीन गोठत नाही. तेथे कस्तुरी संकर, कूजा आणि शोलातील रानगुलाब ही मंडळी सुखाने राहतील. आल्बाला मात्र तेथे लावून उपयोग थोडा. तिला खरा, दीर्घ हिवाळा झोपेसाठी लागतो, आणि झोप पुरी झाली नाही तर ती फुलत नाही. तिसरी थंडी काश्मीर, हिमाचल आणि समुद्रापलीकडच्या हिमप्रदेशांची. तेथे आल्बा, 'माडाम हार्डी', रुगोझा आणि त्यांची कॅनडातील संतती यांनाच पसंती द्यावी. तेथे खुंटावर डोळा भरलेल्या रोपापेक्षा स्वतःच्या मुळांवर वाढलेले रोप चांगले. कारण हिवाळ्यात वरच्या फांद्या मेल्या तरी मुळातून पुन्हा तेच झाड उगवते. कलम मेले तर उगवतो तो खुंट. कलमी रोपच लावणे भाग असेल, तर त्याचा जोड मातीखाली चार बोटे तरी पुरावा.

सावलीचेही प्रकार आहेत. भिंतीची सावली कोरडी आणि स्थिर. विरळ पानांच्या झाडाखालची सावली हलती आणि जिवंत. गुलाबाला दुसरी मानवते, विशेषतः सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारनंतर सावली अशी. एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि थंड झालेली जड हवा ओहळासारखी उतारावरून खाली जाऊन खळग्यात साचते. म्हणून दहिवर आधी गोठते ते उघड्या खोलगट जागी. उतारावर, झाडाच्या छत्राखाली ते उशिरा गोठते किंवा गोठतच नाही. सौम्य थंडीच्या प्रदेशात अर्धछाया ही अशा रीतीने गुलाबाचे पांघरूण होते. मात्र ते मोठ्या झाडाच्या मुळांशी अन्नासाठी झगडू नये इतके अंतर ठेवावे, पानांमधून वारा खेळेल अशी जागा द्यावी, आणि पावसाळ्यानंतर जोरखत घालून कोवळी फूट आणू नये. थंडीचा पहिला घास तीच असते. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या जातींची छाटणी बहर ओसरल्यावर करावी. हिवाळ्यात त्यांना छाटणारा माळी पुढच्या वर्षीची फुले आपल्याच हाताने कापून टाकतो.

या निवडीत आणखी एक मोठा धोका आहे. निलगिरीवर इंग्रजांची वसाहत झाल्यानंतर एकोणिसाव्या शतकात चहाचे मळे, निलगिरी वृक्ष आणि बाभळीच्या वर्गातील परदेशी झाडे पसरली आणि शोलांचे क्षेत्र आक्रसत गेले. उटकमंडला १९९५ मध्ये उभारलेल्या सरकारी गुलाब उद्यानात हजारो जातींचे गुलाब फुलतात. जागतिक गुलाब महासंघाने २००६ मध्ये त्या उद्यानाचा गौरवही केला. तो गौरव यथार्थच आहे. परंतु उद्यानातील कोणतीही जात एका कलमावरून पुन्हा करता येते; शोलाच्या कडेचा रानगुलाब त्याच्या वनासह गेला, तर त्याच्या कुळातील ते वैचित्र्य कोणत्याही रोपवाटिकेला पुन्हा करता येणार नाही. उद्या अधिक कणखर, सावलीत अधिक फुलणारा पांढरा गुलाब कोणाला करावयाचा असेल, तर त्याला कच्चा माल मिळणार तो अशाच रानातून. लँबर्टचा 'हिमबटू' जपानच्या किनाऱ्यावरील झुडपावाचून जन्मला नसता, आणि त्याच्यावाचून 'हेन्री हडसन'ही नव्हता.

अर्केश्वराच्या छायेत राहणाऱ्या कृष्णराजनगरच्या माळ्याला यातून एक सरळ गोष्ट सांगता येईल. आल्बाचा मोह त्याने सोडावा आणि उन्हाच्या कुळातील पांढरा गुलाब घ्यावा. घाट चढून गेलेल्या त्याच्या भावाने मात्र उन्हाच्या कुळाकडे पाठ फिरवून सावलीच्या, थंडीच्या कुळाकडे वळावे. एकाच कावेरीच्या मुलखाशी जोडलेल्या या दोन बागांत पांढरी फुले फुलतील. दुरून पाहणाऱ्याला ती सारखीच दिसतील. पण एकीच्या मुळाशी बंगालची दलदल असेल, तर दुसरीच्या मुळाशी शोलाची सावली. नदीचे मूळ कोणी न शोधले तरी नदी वाहत राहते. गुलाबाचे कूळ न शोधता त्याला लावले, तर एका हिवाळ्यात तो उत्तर देऊन जातो.